दोन डबे, एक साडी

हार्डवेअरच्या दुकानात 'मजबूत' हा शब्द फार स्वस्त आहे. कुठलाही डबा मागा, "साहेब, एकदम मजबूत!" हेच उत्तर.

पुनावळ्यातला आमचा हॉल म्हणजे नुसत्या टाइल्स, काचा आणि रिकाम्या भिंती. आवाज घुमतो. आपल्याला चालून जातं हो, पण बाबांना कानाचं मशीन आहे आणि मशीन शब्दाबरोबर घुमारासुद्धा मोठा करतं. मग चारचौघांत बाबा नुसती मान डोलावतात. म्हणून पॅनल घरीच करायला घेतली : मागे प्लायवूड, त्यावर दोन इंची पीयू फोम, वरून आईची जुनी सुती साडी.

प्रश्न उरला चिकटवायचं कशाने?

पांढरा फेव्हिकॉल पाण्यातला. पाणी उडालं की पकडतो, त्यामुळे पाण्याला वाट हवी. कागद, कापड, लाकूड ती देतात. २०१८ मध्ये राज्यात बंदी येईपर्यंत ज्यांनी थर्माकोलची मखरं केली, त्यांच्या हाताला हाच डबा ओळखीचा. कारण दुसऱ्या डब्यातल्या एसआरचं सॉल्व्हंट थर्माकोल चक्क खातं!

पीयू फोमचं तसं नाही. सोफेवाले त्याला रबरी सोल्युशनच लावतात. दोन्ही बाजूंना पातळ थर द्यायचा, दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, हाताला चिकटेनासं झालं की दाबायचं. वाळल्यावरही ते लवचिक राहतं, फोम दबला तरी सांधा सुटत नाही.

म्हणून फोम आणि प्लायमध्ये एसआर. साडी मात्र फोमवर नुसती ताणली, कडा मागे वळवून प्लायला पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवल्या. समोर एक थेंबही नाही. फोमची उघडी छिद्रं आवाज शोषतात. गोंदाने ती बुजवली तर राहिलं काय? शिवाय पातळ सुतावर डाग उमटतो तो वेगळाच.

सहा पॅनल लागली आणि त्या रविवारी बाबांनी माझं बोलणं मध्येच तोडून वाद घातला. बऱ्याच दिवसांनी.

कुणी करणार असाल तर : एसआरची वाफ पेट घेते, तेव्हा खिडक्या उघड्या, गॅस बंद, देवघरातला दिवा शांत. फोमही पेटतो, म्हणून पॅनल स्विचबोर्डपासून लांब. आणि हायवेचा आवाज याने थांबत नाही, फक्त खोलीतला घुमारा कमी होतो.

आधी दोन तुकडे चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी ओढून बघा. 'मजबूत' काय ते तेव्हा कळतं.