एक लक्ष बेचाळीस हजार आठशे सत्तावन्न

शीर्षकातील संख्या आम्ही मुद्दाम अक्षरांत लिहिली आहे; कारण पुढे येईल. अंकांत ती १४२८५७. जुन्या खतावणीतील एखाद्या बेरजेसारखी निरुपद्रवी दिसते. पण तिला दोनाने गुणावे, २८५७१४ येतात. तिनाने गुणावे, ४२८५७१. चार, पाच, सहा यांनी गुणले तरी तेच सहा अंक त्याच क्रमाने, केवळ आरंभाची जागा बदलून, वारीतील रिंगणासारखे फिरत राहतात. साताने गुणताच रिंगण मोडते आणि सहा नऊ ओळीने उभे राहतात.

यात जादू नाही. एकास साताने भागत गेले की बाकी ३, २, ६, ४, ५ अशी उरत जाऊन पुन्हा १ वर येते. तिनास साताने भागणारा मनुष्य याच वाटेवर एक पाऊल पुढून चालू लागतो, इतकेच. कारण कळले की गंमत ओसरते असे म्हणतात. आमची तर वाढली.

देवळालीस १९३० ते १९६२ या काळात शाळामास्तर असलेल्या दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांच्या नावाने ज्या संख्या ओळखल्या जातात, त्यांतही हिची गणना होते. हिचा वर्ग २०४०८१२२४४९. त्याचे २०४०८ आणि १२२४४९ असे दोन तुकडे करून मिळवावे. मूळ संख्या परत हाती येते. कापरेकरांचे नाव जगभर झाले ते १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये त्यांच्याविषयी लिहिल्यावर, म्हणजे निवृत्तीनंतर तेरा वर्षांनी.

आता अक्षरांविषयी. माळव्यातील आमच्या घरांत देवघराची मराठी टिकली, स्वयंपाकघराचीही बरीचशी टिकली. हिशेबाची मात्र गेली. पावकी, निमकी, औटकी आमच्या पिढीतच विरल्या. नातवंडे भूक लागल्याचे मराठीत सांगतात आणि दुधाचे पैसे हिंदीत मोजतात. मनातल्या मनात ज्या भाषेत मोजावे तीच खरी आपली, असे आमचे मत आहे, आणि ते आम्हांस फारसे सुखाचे नाही.

गेल्या सुटीत नातीस हीच संख्या वाचावयास दिली. सत्तावन्नपाशी ती अडली नाही, हिंदीतील ‘सत्तावन’ जवळच होते, बेचाळीसपाशी अडली. मग साऱ्या गुणाकारांची उत्तरे मराठीत वाचण्याची पैज लागली. सहाव्या उत्तरात, आठ लक्ष सत्तावन्न हजार एकशे बेचाळीस म्हणताना, तो शब्द तिच्या तोंडून आपसूक आला.

तिला याहून मोठे हवे होते. एकास सतराने भागून मिळणारे ०५८८२३५२९४११७६४७ हे सोळा अंकही असेच फिरतात. आरंभीचे शून्य तेवढे गाळावयाचे नाही. ‘लीलावती’तील स्थानांप्रमाणे आम्ही ते वाचू लागलो: पाच जलधी, आठ शंकू, आठ महापद्म...

“आजोबा, जलधी म्हणजे समुद्र ना?” तिने मध्येच विचारले.

आम्ही होकार दिला, आणि ती पुढे दोन निखर्वांकडे वळली.