फोनवरचा माणूस घरी आला

आमच्या खेड तालुक्यात घरातला एखादा पुरुष आखातात असणं काही नवं नाही. माझे सासरे मस्कतला होते. त्यांचा आवाज सासूबाईंना टेपच्या कॅसेटमधून ऐकायला मिळायचा. सुट्टीवर येणारा कुणीतरी ती कॅसेट आणून द्यायचा आणि त्या दार लावून ऐकत बसायच्या. माझ्या नशिबी फोन आला. २००३ मध्ये आमचा निकाह झाला आणि चाळीस दिवसांनी हे दुबईला गेले. आधी बाजारातला एसटीडी बूथ, मग साधा मोबाईल आणि मिस्ड कॉलची खूण, शेवटी स्मार्टफोन. व्हॉट्सअॅपवरून तिकडे बोलता येत नाही, म्हणून बोटिम घेतलं. तिकडचे दहा म्हणजे आपले साडेअकरा. मुलांना झोपवून मी वाट बघत बसायचे.

त्या अर्ध्या तासात हे दुसरं काहीच करत नसत. खोलीत आठ जण, म्हणून जिन्यात जाऊन बसायचे. विहिरीचं पाणी किती खाली गेलं, धाकट्याचा दात कसा पडला, सगळं ऐकायचे. मी मध्येच थांबले तर विचारायचे, "पुढं?" त्या "पुढं?"वर मी वीस वर्षं काढली.

२०२३ मध्ये हे कायमचे घरी आले. अल्हमदुलिल्लाह, कर्ज फिटलं होतं, तब्येत बरी होती. पहिला महिना पाहुण्यांत गेला. मग लक्षात आलं, फोनवरचा माणूस घरी आलाय खरा, पण अजून फोनवरच आहे. पडवीत आरामखुर्ची, हातात मोबाईल, दुबईच्या खोलीवाल्यांचा ग्रुप, क्रिकेट, मोठ्या आवाजातले व्हिडिओ. मी काही बोलले की "हं".

या "हं"नेच घात केला. थोरलीसाठी चिपळूणचं स्थळ आलं. रात्री मी यांना सगळं सांगितलं. मुलगा काय करतो, घर कसं आहे, रविवारी बायका बघायला येऊ म्हणतात. हे दोनदा "हं" म्हणाले, एकदा "बरं". मी निरोप धाडला. रविवारी सकाळी सांदणं करायला बसले, तर हे विचारतात, कोण येणार आहे? मग जे झालं ते सगळं लिहीत नाही. मुलीच्या बापाला कुणी विचारायचं नाही का, म्हणून हे ओरडले. मी म्हटलं, विचारलं होतं, तुम्हीच घरात नव्हता. बायका आल्या, खाऊन गेल्या. स्थळ जमलं नाही. आमचा तीन दिवस अबोला.

चौथ्या दिवशी हे म्हणाले, "मी आलो त्याच रात्री, माझ्याशी बोलता बोलता तू बहिणीला उत्तर लिहीत होतीस." खरं होतं. बहीण कतारला, शिवाय माहेरचा ग्रुप, मोहल्ल्यातल्या बायकांचा ग्रुप. यांची तक्रार करताना ते मी सोयीनं विसरले होते.

थोरली कॉलेजात आहे. तिने एक संशोधन वाचून दाखवलं. अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठातले जेम्स रॉबर्ट्स आणि मेरेडिथ डेव्हिड यांनी जोडीदार असलेल्या माणसांचा अभ्यास केला होता, तो २०१६ मध्ये छापून आला. जोडीदार समोर असताना फोनमध्ये डोकं घातलं की त्यावरून खटके उडतात आणि नात्यातलं समाधान घटतं, असं त्यांना आढळलं. मी म्हटलं, एवढ्यासाठी अमेरिका कशाला, आमची पडवी होती की.

पण आमचं दुखणं थोडं वेगळं होतं. दर दोन वर्षांनी दोन महिन्यांची सुट्टी. म्हणजे वीस वर्षांच्या संसारात आम्ही एका छपराखाली राहिलो ते जेमतेम वीस महिने. फोन खाली ठेवला की समोर अर्धा अनोळखी माणूस. घरातला कुठला डबा कुठे असतो हेही यांना माहीत नाही, आणि विचारायची लाज. मी सगळे निर्णय एकटीनं घ्यायला शिकलेली. खरं सांगायचं तर त्या रात्री मी यांना विचारत नव्हते, नुसतं कळवत होते.

बुखारीत उम्मे जरअची हदीस आहे. अकरा बायका आपापल्या नवऱ्यांविषयी काही न लपवता सांगतात, ती लांबलचक गोष्ट हजरत आयशा (रजि.) सांगतात. पैगंबर (स.) शेवटी जे उत्तर देतात, त्यावरून कळतं की अकराव्या बाईपर्यंत त्यांनी सगळं ऐकलं होतं. केवढ्या जबाबदाऱ्या शिरावर असताना! ही हदीस मी पूर्वीही ऐकली होती, पण ऐकणाऱ्याकडे माझं लक्ष तेव्हा गेलं नव्हतं.

एकदा मी चुलीपुढे, हे पडवीत. हाक मारली तर "हं". काय वाटलं कुणास ठाऊक, मी तिथूनच बोटिमवर कॉल लावला. यांनी लगेच उचलला. "बोल." तोच जिन्यातला आवाज. मी म्हटलं, सुरमई आणलीय, कालवण करू की तळू? मग थोरलीच्या पुढच्या शिक्षणाचं निघालं. मी मध्येच थांबले. हे म्हणाले, "पुढं?" तव्यावरची भाकरी करपली. थोड्या वेळानं हे फोन कानाला लावूनच आले आणि उंबऱ्यावर बसले. मग मीच कॉल बंद केला.

इशानंतर दोन्ही फोन कपाटावर ठेवायचं ठरलंय. रोज पाळलं जातं असं नाही. परवा क्रिकेटचा सामना होता. पण थोरलीचा प्रवेशाचा फॉर्म भरताना यांनी मला तीनदा विचारलं. मीही यांना विचारलं, कळवलं नाही.