आईची काळी कॉफी

यंदा आमच्या घरी दिवाळीच्या आधीच फटाके वाजले, आणि तेही स्वयंपाकघरात! सून माहेराहून, चिकमगळूरहून, पिशवीभर कच्च्या कॉफीच्या बिया घेऊन आली होती. यमनमधून सात बिया आणून बाबाबुदनने ज्या डोंगरात लावल्या असे सांगतात, तो हाच मुलूख. बिया हिरवट-करड्या, वासाला ओल्या गवतासारख्या. कढईत त्या पिवळ्या झाल्या, मग तांबूस, आणि एकाएकी ज्वारीच्या लाह्यांसारख्या तडतडू लागल्या.

"बाबा, हा पहिला तडका. दोनशे अंशांच्या आसपास आतल्या वाफेनं बी फुटते. दुसरा तडका सव्वादोनशेच्या सुमारास, फोडणीतल्या मोहरीसारखा बारीक. तिथवर मी नेत नाही."

तिने कढई उतरवली. कॉफी झाली, मी घोट घेतला आणि म्हणालो, "सूनबाई, हे सार आहे की कॉफी? आंबट लागतेय!"

मग अर्थातच मी आईच्या कॉफीचे पुराण लावले. १९६० च्या सुमारास आम्ही इथे, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, स्टेशनाजवळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये राहत होतो. निजामाची रेल्वे १९५१ साली मध्य रेल्वेत विलीन झाली होती. वडील तिथेच कारकून. शेजारच्या मद्रासी मामींनी आईला कॉफी भाजायला शिकवले. पण आई गुरूच्याही पुढे गेली. लोखंडी कढईत बिया कोळशासारख्या काळ्या होऊन त्यांच्यावर तेल चमकू लागेपर्यंत ती उलथने थांबवीत नसे. मग खलबत्ता, भरपूर दूध, साखर आणि वर जायफळ. कोजागरीला सारी चाळ आमच्या ओट्यावर! अशी कडक कॉफी मी पुढे कुठेच प्यायलो नाही.

"कडक म्हणजे कडू," सून हसली. "काळी केली म्हणून कॅफीन वाढत नाही, ते जवळजवळ तेवढंच राहतं. आम्लं मोडतात म्हणून आंबटपणा जातो, बियांतली साखर आधी खरपूस होते, मग जळते. डोंगराची चव जाते आणि आगीची उरते. बरं, आजी बिया कुठून आणायच्या?"

मी सहज सांगून गेलो. वडील महिनाअखेरीला एका दुकानातून आणीत. पोत्याच्या तळाशी उरलेल्या, तुटक्या, डागाळलेल्या. दुकानदार त्या निम्म्या भावात देई.

सून काही बोलली नाही. थोड्या वेळाने हलकेच म्हणाली, "आमच्याकडेही हलका माल असाच काळा भाजतात, बाबा. खूप भाजला की चांगला-वाईट ओळखू येत नाही."

साठ वर्षे मी ज्याला आमच्या घराची रीत म्हणत आलो, ती ही होती तर! दुपारी दार लोटून आई सुपात बिया निवडायची. कुणाची चाहूल लागली की सूप खाटेखाली सरकवायची. मला वाटे, सोवळ्याचे काही असेल. एवढे काळे भाजले की शंभर ग्रॅमचे ऐंशी-पंचाऐंशीच हाती लागतात, म्हणजे महागाईच्या घरात तेवढीही तूट तिने सोसली. आणि जायफळ! ते तर मी आजवर लाडाचे समजत होतो.

वडिलांना हे ठाऊक होते का? असावे. ते पहिला पेला नेहमी पाहुण्यांच्या देखत घेत आणि मोठ्याने "वा!" म्हणत.

दुसऱ्या दिवशी सुनेने उरलेल्या बिया कढईत ओतल्या. पहिला तडका झाला, तरी तिने गॅस बंद केला नाही. मोहरी तडतडली. तेल सुटले. धुराने माझे डोळे चुरचुरू लागले. निदान मी तिला तसे सांगितले.

"अजून किती वेळ, बाबा?"

"बाहेरच्या खोलीत धूर जाईपर्यंत," मी जायफळ शोधत म्हणालो. "तिथं अण्णा खोकले, की आई कढई उतरवायची."