लाल वायर, काळी वायर

रंगपंचमीला मढीची यात्रा असली की आमच्या घरी पाहुण्यांची रीघ लागते. तिसगावहून मढी जवळ, त्यामुळे कानिफनाथांच्या दर्शनाला निघालेले निम्मे नातेवाईक आधी आमच्याकडे चहाला टेकतात. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी पाहुण्यांना सोडायचं होतं आणि गाडीची बॅटरी उतरलेली. गाडी म्हणजे २००८ सालची वॅगन आर. आण्णांनी स्वतःच्या पैशाने घेतलेली पहिली आणि एकमेव.

मी पुण्याहून आलेला, घरातला एकुलता एक इंजिनिअर. शेजारच्या ट्रॅक्टरच्या बॅटरीला केबल जोडून गाडी चालू करायची, त्यात काय अवघड? अंधार होता, मोबाइलचा टॉर्च हनुवटीखाली धरला होता आणि केबलच्या लाल-काळ्या वायरी धुळीने एकाच रंगाच्या झाल्या होत्या. चिमटा टेकवला तशी मोठी ठिणगी उडाली, फट् आवाज आला. प्लसला मायनस लागलं होतं. मी झटकन केबल काढली. पाहुणे शेअर जीपने गेले. सकाळी स्टँडजवळच्या दुकानातून मेन फ्यूज आणून बसवला, केबल नीट जोडली, गाडी चालू झाली. विषय संपला, असं मी ठरवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

मे महिन्यात गाडी बंद पडायला लागली. वीसेक किलोमीटर चालायची, मग अचानक मरायची. अर्धा तास उभी केली की जणू काही झालंच नाही अशी चालू व्हायची. आमचे नेहमीचे गॅरेजवाले चाचा (आण्णा त्यांना मिस्तरी म्हणतात) यांनी पेट्रोलचा पंप बदलला. त्यानंतर आठवड्याने आई-आण्णा नगरला डोळे दाखवायला निघाले आणि करंजीच्या घाटात, चढावर, मागे ट्रक असताना गाडी बंद पडली. स्टिअरिंग जड, ब्रेक जड. आण्णांनी हँडब्रेक ओढला. आई खाली उतरून ट्रकवाल्यांना हात करत उभी राहिली.

त्या रात्री फोनवर आण्णा म्हणाले, "वीस वर्षांचा माणूस, आता आपल्यालाच टोपी घालायला लागला. पंपाचे बत्तीसशे राहिलेत, ते काय मी देत नाही."

मी "हं" म्हणालो.

फोन ठेवल्यावर रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. आपल्याकडे २००० सालच्या आसपास प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि पेट्रोल गाड्यांमधून कार्बोरेटर जात गेला. त्याच्या जागी डब्याएवढा कॉम्प्युटर आला, ज्याला मेकॅनिक 'ईसीएम' म्हणतात. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे फिरत असेल, तर चार सिलिंडरला मिळून सेकंदाला शंभर वेळा, दर वेळी काही मिलिसेकंद, पेट्रोल सोडायचं काम तो करतो. मी ऑफिसात लिहितो ते एक पान उघडायला दोन सेकंद लागले तरी कुणी घाटात अडकत नाही. आणि अशा डब्याला उलटा करंट दिला तर काय होतं, हेही वाचलं. म्हणजे जे मला मार्चपासून ठाऊक होतं, ते आता नीट, आकृतीसकट समजलं.

तरी पुढच्या सुट्टीत गावी जाताना मी कबुली नाही, ब्लूटूथचं स्कॅनर घेऊन गेलो. मोबाइलवर एरर कोड दिसेल, मी तो वाचून दाखवीन, मान राहील. ते जोडलंच गेलं नाही. ठरावीक पद्धतीचं ओबीडी-२ आपल्याकडे सक्तीचं झालं २०१३ मध्ये; आमची गाडी त्याआधीची, तिची भाषाच वेगळी.

गाडी घेऊन चाचांकडेच गेलो. आण्णा आले, पण दुसऱ्या टोकाला खुर्ची घेऊन बसले. चाचांनी पैशाचा विषय काढला नाही. त्यांनी चावी फिरवली, इंजिनचा पिवळा दिवा लागतो का ते पाहिलं. "हा लागला म्हंजे कॉम्प्युटर जागा हाये." मग डॅशबोर्डखालून डबा मोकळा केला, वायरी तशाच ठेवल्या आणि मल्टीमीटर लावला. बॅटरीचे बारा व्होल्ट ठीक. डबा सेन्सरना पाच व्होल्ट देतो, तेही ठीक. मग घरातून मुलीचा हेअर ड्रायर मागवला आणि डब्यावर गरम हवा सोडली. तीन-चार मिनिटांत पाचाचे साडेतीन झाले, मग शून्य. पिवळा दिवाही विझला. फुंकणं थांबवून गार होऊ दिलं, पुन्हा पाच. माझ्या कंपनीत असा बग पकडायला तीन मीटिंग लागल्या असत्या.

नवा डबा परवडणारा नव्हता. जुना आणायचा तर आणखी एक पेच: चोरी होऊ नये म्हणून या गाडीत चावीतली चिप, इमोबिलायझर आणि ईसीएम यांची ओळख एकमेकांशी बांधलेली असते. दुसऱ्या गाडीचा डबा लावला की स्टार्टर फिरतो, इंजिन पेटत नाही. म्हणून भंगारात निघालेल्या गाडीचा अख्खा सेट घ्यायचा, तिन्ही वस्तू एकाच गाडीच्या, आणि डब्यावरचा नंबर आपल्याशी अक्षर न् अक्षर जुळलेला. काही जण ती चिप चावीच्या कुलपाजवळ कायमची चिकटवून टाकतात. मग चोरालाही ती तितकीच ओळखते. चाचांनी ते केलं नाही. आमच्या चावीच्या मुठीत चिप बदलून बसवली.

पुण्याहून सेट मीच आणला. बसवल्यावर चाचांनी जुना डबा उघडला. जिथून करंट आत येतो तिथला डायोड करपलेला, शेजारचा तांब्याचा पट्टा केसाएवढा उरलेला. तापला की सुटायचा, गार झाला की टेकायचा.

"आण्णा, बॅटरी कुणी उलटी लावली होती का?"

"छे! कोण लावतंय?" आण्णा म्हणाले.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी झाकणाचे स्क्रू गोळा करत होतो. आण्णा पाणी प्यायला उठले तेव्हा ते हळूच म्हणाले, "पंप बदलायच्या वक्ताला मेन फ्यूज नवा दिसला होता. मी तवाच इचारायला पायजे होतं. तू सांग त्यांना. मी सांगितलं तर चाडी व्हईल."

ट्रायलसाठी आण्णांनी गाडी करंजीच्या घाटाकडे घेतली. चढ लागला, त्यांचा हात हँडब्रेकवरच होता. जिथे आई उतरली होती ते वळण गेलं, गाडी चढत राहिली, तेव्हा मी सांगितलं. ट्रॅक्टर, टॉर्च, फ्यूज, सगळं. फोनवरचं "हं"सुद्धा.

आण्णा बराच वेळ काही बोलले नाहीत. माथ्यावर टपरीपाशी गाडी वळवली आणि विचारलं, "तुझ्या मोबाइलवर बत्तीसशे जातील का आत्ता?"

"जातील."

"नको, थांब. रोखच दिऊ. तू दे, माझ्यासमोर."