शिकारीचा सरंजाम

दिल्लीच्या सरकारी कचेरीत टिप्पण्या लिहिणाऱ्या माणसाने डोंगरातल्या शिकारीसाठी रायफल निवडावी, हे वाचकांस विनोदी वाटेल. पण सह्याद्री सोडून सपाट मुलखात येऊन पडलेल्या मराठी माणसाला डोंगराची भूक लागते. आणि ती भागविण्यासाठी आम्ही जुन्या इंग्रज शिकाऱ्यांची पुस्तके वाचतो. काश्मीरच्या हंगुलावर त्यांत पुष्कळ मजकूर आढळतो. हा अमेरिकेतल्या एल्कचा आशियाई भाऊबंद. शिकारी त्याला बारशिंगा म्हणत. मात्र कान्ह्याच्या रानातला बारशिंगा निराळा.

रायफलीची चर्चा ही मंडळी मोठ्या चवीने करतात. .303 ही लष्कराची गोळी, खाजगी माणसास वर्ज्य, म्हणून.315 ची रायफल हिंदुस्थानात रुळली, आणि पुढे इच्छापूरच्या सरकारी कारखान्यातही ती तयार होऊ लागली. चढणीवर वजन नडते, म्हणून कोणी हलकी .275 पसंत करी. जिम कॉर्बेटला 1907 साली भेट मिळालेली रिग्बी रायफल याच जातीची. आम्हीही मनातल्या मनात तीच मंजूर करतो. पण फाईल पुढच्या टेबलावर जाते, आणि तेथे 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा बसलेला असतो! विसाव्या शतकाच्या आरंभी काही हजारांच्या संख्येने असलेले हंगुल 1970 च्या सुमारास दोनशेच्याही आत आले होते. 2021 च्या गणनेत ते 261 भरले. आमच्या एका कचेरीत याहून अधिक माणसे हजेरी लावतात.

तेव्हा यादीतून रायफल खोडली. नवल असे की, ती खोडल्यावरही यादी जवळजवळ जशीच्या तशी उरली. पायांत मुरलेले बूट हवेत; नवे बूट डोंगरावर प्रथम घालणाऱ्याचे पाय दुसऱ्याच दिवशी संप पुकारतात. मोजे लोकरीचे हवेत. सुती मोजा भिजला की पाय गारठतो, लोकर ओलीही थोडीफार ऊब देते. दुर्बीण 8 पटीची, 42 मिलिमीटर भिंगाची पुरे. 12 पटीची घेतली तर धापेबरोबर सारे रानच डोळ्यांपुढे नाचू लागते. कपडे मातकट रंगाचे, चालताना न सळसळणारे. ते सरोजिनी नगरच्या बाजारात घासाघीस करून मिळतात. रायफलीचा परवाना गेला, तरी श्रीनगरच्या वन्यजीव खात्याचा प्रवेश-परवाना हवाच. कारकुनाला कागदापासून सुटका नाही!

दाचीगामचे रान श्रीनगरपासून सुमारे 22 किलोमीटरवर आहे. ती महाराजांची शिकारीची राखीव जागा होती. शहराचे पाणी शुद्ध राहावे म्हणून 1910 साली ते रान राखले गेले. 1981 मध्ये त्याचे राष्ट्रीय उद्यान झाले. शरदात तेथे नर हंगुल माजावर येऊन डरकतात. ती हाक ऐकण्यासाठी, रजा मंजूर झाल्यास, आम्ही जाणार आहोत.

मात्र रायफल खोडल्याने आपण पुण्यवान झालो, असे मानण्यास आमचे मन तयार होत नाही. चांगल्या शिकाऱ्यावर एक बंधन असे. नेम पक्का नसेल तर चाप ओढायचा नाही. जनावर जखमी झाले तर अंधार पडला तरी त्याचा माग सोडायचा नाही. आपल्या कृत्याची जबाबदारी त्याच्या खांद्यावर बंदुकीइतकीच जड असे. दुर्बीणवाल्याला असा धाक कोणाचा? तो चार पावले अधिक पुढे सरकतो, नर बिचकतो, कळप उधळतो. आणि हा मात्र निर्दोष म्हणून घरी परततो. जेथे जनावरेच शेकड्यांत मोजायची, तेथे असा एक विणीचा हंगाम बिघडविणे बंदुकीहून फारसे निराळे नाही.

म्हणून आमच्या यादीत शेवटची बाब आम्ही स्वतःच्या हाताने वाढविली आहे: वनरक्षक थांबेल तेथे थांबायचे, आणि हंगुलाने मान वर केली की मागे फिरायचे. हिला पैसे पडत नाहीत, वजनही नाही. पण साऱ्या सरंजामात वागवायला हीच सर्वांत अवघड जाईल, अशी आमची अटकळ आहे.