आठवड्याचा पाठ

गेल्या वैशाखात आम्ही अलिबागेस गेलो होतो. समुद्र पाहावा आणि वर्षभराची खडूची धूळ अंगावरून झाडून टाकावी, एवढाच हेतू होता. परंतु इस्राएल आळीतून जाताना तेथील सिनेगॉग दृष्टीस पडले आणि आमचे पाऊल थबकले.

विद्यार्थिमित्रांना ‘बेने इस्राएल’ हे नाव कदाचित नवे वाटेल. हे कोकणातील मराठी बोलणारे ज्यू. फार प्राचीन काळी नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले. त्यातून वाचलेल्या सात पुरुषांचे व सात स्त्रियांचे आपण वंशज, असे त्यांची परंपरा सांगते. गावांवरून राजपूरकर, दिवेकर, नवगावकर अशी आडनावे त्यांनी घेतली आणि तेल गाळण्याचा धंदा केला. शनिवारी मात्र त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांस ‘शनवार तेली’ म्हणत. त्यांच्या धर्माने त्या दिवशी धन्याबरोबर चाकराला आणि गुराढोरांनाही विसावा सांगितला आहे. म्हणजे घाण्याच्या बैलालाही आठवड्याची सुट्टी होती!

शनिवारी सिनेगॉगमध्ये ‘तोरा’ म्हणजे मोशेची पाच पुस्तके वाचली जातात. त्यांचे ५४ भाग केलेले असून आठवड्यागणिक वाचीत गेले की वर्षात ग्रंथ पुरा होतो. आणि समाप्तीच्या वेळीच पुन्हा पहिल्या ओळीपासून आरंभ करतात. आपल्याकडे श्रावणात पोथी लावतात, तशी ही बारमाही पोथीच म्हणा ना! तीत आपल्या आवडीचे पान उघडण्याची मुभा नाही. त्या आठवड्याचा जो पाठ येईल, तोच ऐकायचा.

ही पद्धत आमच्या मनात भरली. आम्ही काही त्या धर्माचे नव्हे. घरी कोकणी, शाळेत मराठी आणि बाजारात कानडी बोलणारे खानापुरातील एक शिक्षक! तरीही या पुस्तकांचे मराठी भाषांतर मिळवून दर शनिवारी नेमला भाग वाचण्याचा आम्ही परिपाठ ठेवला.

भाद्रपदाच्या सुमारास अनुवादाच्या पुस्तकातील एक भाग आला. नवे घर बांधाल तर छपराला कठडा घाला, नाही तर कोणी पडेल, अशी त्यात आज्ञा आहे. रस्त्याकडेची उघडी गटारे आठवून आम्ही मान डोलावली. पुढे, कर्जापोटी कोणाचे जाते गहाण ठेवून घेऊ नका, कारण त्यावर त्याचे पोट चालते, असे आहे. येथे जात्याऐवजी शिलाईयंत्र किंवा रिक्षा हा शब्द घालून पाहावा. आमच्या डोळ्यांसमोर सावकार उभे राहिले आणि आम्ही पुन्हा मान डोलावली. दुसऱ्यांचे दोष दाखविणारा ग्रंथ किती गोड लागतो!

त्यानंतर मजुराची गोष्ट आली. मजूर आपल्यातला असो वा परका, त्याची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी. तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशात अडकलेला असतो. येथे आमची मान डोलेना.

ज्येष्ठात, पाऊस लागण्यापूर्वी, आम्ही घराची कौले चाळून घेतली होती. काम करणारा गृहस्थ चार कोसांवरच्या, रानाच्या कडेच्या गावचा. संध्याकाळी आमच्यापाशी रोकड नव्हती, आणि मोबाईलवरून पैसे घेण्याची सोय त्याच्यापाशी नव्हती. आम्ही सहज म्हणालो, “उद्या या.” दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा आम्ही बाहेर होतो. तिसऱ्या दिवशी दारात उभा राहून तो म्हणाला, “सर, आज तरी गावतील काय ओ?” आम्ही पैसे दिले आणि ती गोष्ट विसरून गेलो. विसरणे आम्हांस परवडणारे होते. त्याचे दोन दिवस मात्र बुडाले होते.

चुकतो तो केवळ आमच्यासारखा मास्तरच, असेही नव्हे. परक्याचा न्याय विपरीत करू नका, असे हाच पाठ बजावतो. १९४८ नंतर अनेक बेने इस्राएल कुटुंबे इस्राएलला गेली. हीच तोरा मानणाऱ्या त्या देशातील धर्मपीठाने १९६२ साली विवाहाच्या वेळी त्यांच्या कुळाची चौकशी करण्याचे फर्मान काढले. शनिवारी घाणा थांबविणाऱ्यांच्या वंशजांना आपण ज्यू असल्याचा पुरावा द्यावा लागणार होता! जेरुसलेममध्ये त्यांनी ठाण मांडले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे घोषित केले. ग्रंथ वर्षानुवर्षे वाचला तरी त्याचा बोध होण्यास अवधी लागतो, हेच खरे.

त्याच आठवड्यात आम्ही त्या गृहस्थाच्या गावी गेलो आणि दोन दिवसांची मजुरी त्याच्यापुढे ठेवली. त्याने ती घेतली नाही. आम्हांस चहा दिला आणि म्हणाला, “पुढल्या वर्षाला बोलवा सर. सांजचं सांजला द्या, म्हणजे झालं.”

विद्यार्थिमित्रांनो, आपणही परीक्षेपुरता धडा वाचतो आणि निकालानंतर पुस्तक विकून टाकतो. हा पाठ मात्र पुढच्या भाद्रपदात पुन्हा येणार आहे. त्याच्या आधी ज्येष्ठ येईल, कौले चाळावी लागतील आणि सूर्य मावळू लागेल. आमची परीक्षा त्या संध्याकाळी आहे.