तदंगभूत

आमच्या वर्गात एक चूक दर वर्षी नव्याने जन्माला येते: ‘धिस बुक इज बिलाँग्ज टू मी.’ वीस वर्षे मी ती तांबड्या शाईने खोडतो आहे; पण मुलांचा राग मात्र येत नाही. ‘हे पुस्तक माझे आहे’ यातला ‘आहे’ त्या बिचाऱ्यांनी ठेवायचा कुठे? मग ती ‘इज’ला हळूच आत घेतात. आपल्या रोजच्या बोलण्यात मालकी सांगणारे क्रियापदच नाही. पैसे माझ्याजवळ असतात, पुस्तक माझ्याकडे असते, मुलगा मला असतो आणि घर माझे असते. आपलेपणाचा सारा भार आपण प्रत्ययांवर टाकून मोकळे होतो.

इंग्रजीत मात्र या क्रियापदांची उतरंड आहे. तळाशी ‘बिलाँग’, घरातले, शेतातले, मूळचे इंग्रजी. त्याच्यावर ‘पर्टेन’. एखादा कागद खटल्याशी ‘पर्टेन’ होतो, म्हणजे त्याचा त्याच्याशी संबंध असतो. मालकीचा प्रश्न तिथे नसतो. आणि सर्वांत वर, झगा घालून बसलेले ‘अपर्टेन’! पदाबरोबर अधिकार येतात, जमिनीबरोबर येण्याजाण्याची वाट येते. अशा हक्काने मागोमाग येणाऱ्या गोष्टींसाठी ते राखून ठेवलेले. ही वरची दोन्ही लॅटिन कुळातली. १०६६ साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले आणि पुढे दरबाराची व कायद्याची भाषा फ्रेंच झाली. १३६२ साली न्यायालयातले वाद इंग्रजीत चालवावेत असा कायदा झाला, तरी शब्द काही कचेरीतून हलले नाहीत. फ्रान्समध्ये ‘अपर्टेन’चा सख्खा भाऊ आजही साध्या कपड्यांत बाजारातून हिंडतो. इंग्रजांच्या घरी मात्र त्याला वकिलाबरोबरच यावे लागते.

आमच्या घरीही तो तसाच आला. चार वर्षांपूर्वी कोकणातले आमचे घर विकायचे ठरले. घेणारा मुंबईचा. त्याच्या वकिलाने मसुदा इंग्रजीत पाठवला, आणि मी इंग्रजीचा मास्तर, म्हणून ओटीवर बसून तो सर्वांना मराठीत सांगण्याचे काम माझ्याकडे आले. ‘अपर्टेनिंग’पाशी मी अडलो. तेव्हा दादांनी पेटीतून आजोबांच्या वेळचे खरेदीखत काढले. शब्द तिथे तयारच होते: ‘जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप व तदंगभूत वस्तूंसह दरोबस्त.’ संस्कृताने आरंभ आणि फारसीने शेवट! आमच्याही कागदाने झगा घातला होता तर! मी खूश झालो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्याप्रमाणे, वेगळे काही ठरले नसेल तर जमिनीला जोडलेले सारे तिच्याबरोबर घेणाऱ्याकडे जाते, हेही मी ऐटीत सांगून टाकले. विहीर गेली, रायवळ आंबा गेला, पाणंदीकडची वाट गेली.

आत्या माजघराच्या उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती. विसाव्या वर्षी कुंकू पुसून ती या घरी परत आली, ती इथलीच झाली. आजोबा गेल्यावर हक्कसोडपत्रावर तिने न वाचता सही करून दिली होती. सुपातला हात न थांबवता तिने विचारले,

“अरे, धोंडासुद्धा लिहिलाय कागदात. मी रे कशात येते?”

सगळे हसले. मीही हसलो. मसुद्यातले पुढचेच कलम रिकाम्या ताब्याचे होते. ते मी जरा भरभर वाचले.

माझ्या कादंबरीत असा प्रसंग आला असता, तर मी कुणाला तरी ताडकन उभे केले असते. ‘आत्या तहहयात इथे राहील’ एवढे एक वाक्य घाला, असे म्हणायला हवे होते. पण मग किंमत उतरली असती, आणि माझ्या वाट्याच्या रकमेतून माझ्या फ्लॅटचे कर्ज फिटायचे होते. मी काही बोललो नाही.

आत्या आता आमच्याकडे असते. तिला खोली आहे, खिडकी आहे. माझी बायको तिचे सारे मायेने करते. तिची कशाबद्दल तक्रार नाही. फक्त ती बोलू लागली, की माझे मास्तराचे कान प्रत्ययांकडे लागतात. ‘तुमच्याकडे पाणी सकाळचं येतं.’ ‘आमच्याकडे अजून उकाडा असेल.’ घर विकून चार वर्षे झाली, तरी ‘आमच्याकडे’ म्हणजे तेच घर. आणि जिथे ती झोपते, जेवते, औषध घेते ते ‘तुमच्याकडे’. दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. खोडायला जागा नाही.

परवा ती म्हणाली, “तुमच्याकडे चतुर्दशीला कारीट फोडत नाहीत का रे? आमच्याकडे कुंपणावर हवी तितकी.”

मी सारी मंडई पालथी घातली आणि दोन कारिटे घेऊन आलो. तिने ती तळहातावर फिरवून पाहिली.

“विकत घेतलीस?” तिने विचारले.